मूकपटांतली चित्रं कापडी मास्कवर छापायची असतील तर

मूकपटातलं एखादं जुनं छायाचित्र निवडा, कापडावर छापा, मास्क शिवा. ऐकायला काम एवढंच वाटतं. प्रत्यक्षात पहिला मास्क बहुधा क्रमामुळे फसतो. आधी चित्र आवडतं, मग ते छापलं जातं आणि मास्कचा आकार सर्वांत शेवटी ठरतो. मग नायिकेच्या नाकावरून शिवण जाते, नाहीतर चुण्यांमध्ये तिचे डोळे गडप होतात. म्हणून इथे क्रम असा ठेवला आहे: आधी आकार, मग चित्र आणि त्याचे हक्क, त्यानंतर फाइल, कापड आणि छपाई, शेवटी शिलाई.

लागणारं साहित्य

- बाहेरच्या थरासाठी पांढरं कापड (पॉलिएस्टर की सुती, ते पाचव्या पायरीत ठरेल)
- आतल्या थरासाठी घट्ट विणीचं सुती कापड: पॉपलिन किंवा केंब्रिक
- मधल्या थरासाठी न विणलेलं पॉलिप्रॉपिलीन
- ५ ते ६ मिमी रुंदीचं मऊ इलॅस्टिक, प्रत्येक कानासाठी १८ ते २० सेंमी
- नाकासाठी १० सेंमी लांबीची ॲल्युमिनियमची चपटी पट्टी किंवा प्लास्टिकचं आवरण असलेली तार
- पॉलिएस्टर दोरा, ७५/११ नंबरची सुई, जाड भागासाठी ९०/१४ नंबरची सुई
- साचा कापायला पारदर्शक प्लास्टिकचा कागद
- विकायचे असतील तर चित्राच्या हक्कांची नोंद (तिसरी पायरी पाहा)

## १. आधी मास्कचा आकार ठरवा

घरी शिवले जाणारे आकार साधारण तीन.

चुण्यांचा मास्क. शिवायला सगळ्यांत सोपा, चित्रासाठी सगळ्यांत वाईट. १९ सेंमी उंचीचा तुकडा कापला की वर-खाली १-१ सेंमी माया (शिवणीसाठी सोडलेली जादा कड) जाऊन १७ सेंमी उरतात. दीड सेंमी खोलीच्या तीन चुण्या त्यातले ९ सेंमी खातात. दिसायला उरतात ८ सेंमी, तेही पट्ट्यापट्ट्यांनी. मास्क घातल्यावर चुण्या उघडतात, पण सारख्या उघडत नाहीत. या आकारावर एकच मोठं चित्र टाकू नका. छोट्या चौकटींची पुनरावृत्ती असलेली नक्षी मात्र इथे छान बसते.

मध्ये शिवण असलेला मास्क. डाव्या-उजव्या दोन वक्र तुकड्यांचा हा आकार चेहऱ्यावर चांगला बसतो. पण शिवण बरोबर मधून जाते आणि वक्रामुळे चित्राचा मधला भाग कापला जातो. जोडलेल्या दोन बाजू एकमेकींशी कधीच तंतोतंत जुळत नाहीत. चित्रात दोन माणसं समोरासमोर असतील तर एकेक माणूस एकेका गालावर ठेवता येतो. या आकाराचा छायाचित्रासाठी एवढाच खरा उपयोग आहे.

तीन पट्ट्यांचा मास्क. वरची पट्टी, मधली पट्टी, खालची पट्टी. मधल्या पट्टीवर ना चुणी ना शिवण, त्यामुळे चित्रासाठी हाच घ्या. पुढची सगळी मापं याच आकाराची आहेत.

शिवून झाल्यावरची मापं (मोठ्या माणसासाठी):

- मधली पट्टी: रुंदी २० सेंमी, मध्यावर उंची ९ सेंमी, टोकांना ५ सेंमी, वरची-खालची कड बाहेर फुगलेली
- वरची पट्टी: रुंदी २० सेंमी, मध्यावर उंची ५ सेंमी, टोकांना ३ सेंमी, एक कड सरळ, दुसरी बाहेर फुगलेली
- खालची पट्टी: वरचीसारखीच, उलटी धरलेली

दोन फुगलेल्या कडा एकमेकींना जोडल्या की कापड आपोआप पुढे उचललं जातं आणि तोंडासमोर पोकळी राहते. मापांत माया धरलेली नाही. डाव्या-उजव्या बाजूंना २ सेंमी आणि वर-खाली १ सेंमी माया सोडा.

## २. या आकारात मावेल असं चित्र निवडा

मूकपटाची चौकट साधारण ४:३ प्रमाणाची. मधल्या पट्टीची छपाई माया आणि चारही बाजूंचा अर्धा सेंमी जादा भाग धरून २५ × १२ सेंमी होते. चौकट २५ सेंमी रुंद छापली तर तिची उंची पावणेएकोणीस सेंमी भरते, आणि त्यातले मध्यावर फक्त ९ सेंमी दिसतात. म्हणजे उंचीचा निम्म्याहून जास्त भाग गेला. शिवाय दोन्ही टोकांचे ४-४ सेंमी गालांवर वळतात, समोरून दिसत नाहीत. चित्राचा जीव मधल्या १०-११ सेंमींत असला पाहिजे.

यावरून निवडीचे नियम आपोआप निघतात. आडवी दृश्यं चालतात: रेल्वेचं इंजिन, धावणारी माणसं, नाचणाऱ्यांची रांग, टेबलाभोवती बसलेली मंडळी. उंच इमारतीला लोंबकळणारा माणूस चालत नाही, कारण उंची कापली की गंमतच संपते. पूर्ण चेहऱ्याचं उभं छायाचित्र घेतलं तर फक्त डोळ्यांचा पट्टा उरतो आणि घालणाऱ्याला डोळ्यांच्या दोन जोड्या आल्यासारख्या दिसतात. कुणाला हे आवडतं. लहान मुलं मात्र घाबरतात.

नटाचा फक्त खालचा चेहरा, म्हणजे मिशी, ओठ आणि हनुवटी, घालणाऱ्याच्या चेहऱ्यावर बरोबर बसवायचा असेल तर मापाला अतिशय जपा. छापलेल्या ओठांची रुंदी ५ ते ६ सेंमी ठेवा. त्याहून मोठी ठेवली की विनोदी वाटण्याऐवजी बेढब दिसतं.

चित्र नेमकं कशाचं आहे हेही पाहा. चित्रपटातून उचललेली चौकट आणि सेटवर वेगळ्या छायाचित्रकाराने काढलेलं स्थिरचित्र या दोन निराळ्या वस्तू आहेत. स्थिरचित्रं बहुधा ८ × १० इंचांच्या मोठ्या निगेटिव्हवर घेतली जात, त्यामुळे त्यांत तपशील कितीतरी जास्त असतो. चौकटीत हालचालीचा धूसरपणा आणि ओरखडे असतात. दोन्ही मिळत असतील तर स्थिरचित्र घ्या.

सगळ्यांत कमी डोकेदुखीचा पर्याय म्हणजे मूकपटातल्यासारखी संवादपाटी स्वतः तयार करणं: काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं आणि कडेला साधी वेलबुट्टी. बरोबर तोंडावर येणारा मजकूर मास्कला शोभतोही. दोन ओळींच्या वर जाऊ नका. अक्षराची उंची निदान ८ मिमी ठेवा, कारण काळ्यातली पांढरी रेघ कापडावर शाईने भरून जाते आणि देवनागरीतल्या मात्रा-अनुस्वारांचा बळी सर्वांत आधी जातो.

फिल्मच्या पट्टीची नक्षी करणार असाल तर तयार चित्र डोळे झाकून घेऊ नका. ३५ मिमी फिल्मवर एका चौकटीला दोन्ही बाजूंना चार-चार छिद्रं असतात, आणि मूकपटात चौकट छिद्रांपासून छिद्रांपर्यंत पूर्ण रुंदीची असते. बऱ्याच तयार चित्रांत एका कडेला ध्वनीचा पट्टा असतो. तो बोलपटाचा. जाणकाराच्या नजरेला ते लगेच खुपतं.

## ३. हक्क तपासा आणि कागद जपून ठेवा

एखादा मास्क घरच्यासाठी करणं वेगळं आणि विकणं वेगळं. विकायचे असतील तर ही पायरी ओलांडून पुढे जाऊ नका. "इतकं जुनं म्हणजे सगळ्यांचंच" हा समज तीन ठिकाणी तोंडावर पाडतो.

देश बदलला की उत्तर बदलतं. अमेरिकेत त्या काळच्या चित्रपटांना प्रकाशनापासून ९५ वर्षं संरक्षण असतं. १९२९ साली प्रकाशित झालेले चित्रपट १ जानेवारी २०२५ रोजी खुले झाले, म्हणजे परवानगीशिवाय कुणालाही वापरता येऊ लागले. भारतात चित्रपटाची मुदत प्रकाशनानंतर ६० वर्षांची आहे. युरोपीय संघात मात्र दिग्दर्शक, पटकथा-संवादलेखक आणि चित्रपटासाठी संगीत रचणारा यांपैकी शेवटच्या व्यक्तीच्या मृत्यूनंतर ७० वर्षं मोजतात. 'मेट्रोपोलिस' (१९२७) अमेरिकेत २०२३ पासून खुला आहे. त्याचा दिग्दर्शक फ्रिट्झ लांग १९७६ साली वारला, त्यामुळे जर्मनीत तो २०४६ अखेरपर्यंत संरक्षित राहील. मास्क जिथे विकला जाणार तिथला नियम लागू होतो.

चित्र खुलं असलं तरी चेहरा खुला असेलच असं नाही. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात दिवंगत प्रसिद्ध व्यक्तीचं नाव किंवा चेहरा विक्रीच्या वस्तूवर वापरण्याचा हक्क मृत्यूनंतर ७० वर्षं वारसांकडे राहतो. रुडॉल्फ व्हॅलेंटिनो १९२६ साली वारला, ती मुदत कधीच संपली. बस्टर कीटन १९६६ साली आणि हॅरॉल्ड लॉइड १९७१ साली गेला. त्यांची संपलेली नाही. चार्ली चॅप्लिनचं नाव आणि प्रतिमा यांचे हक्क सांभाळणारी स्वतंत्र कंपनी आहे. टोपी, काठी, मिशी एवढीच आकृती काढली तरी वाचतो असं समजू नका.

नवं काम जुन्यात मिसळलेलं असतं. जुन्या चित्रपटाच्या पुनरुद्धारित आवृत्तीत नव्याने केलेल्या संवादपाट्या, नवं संगीत किंवा नवे रंग असू शकतात, आणि त्यांचे हक्क वेगळे. नव्याने रंगवलेलं कृष्णधवल छायाचित्र टाळाच. कधीच प्रकाशित न झालेल्या, थेट संग्रहातून आलेल्या छायाचित्राची मुदतही वेगळ्या पद्धतीने मोजली जाते.

सुरुवातीला अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधला बेन संग्रह पाहा. वृत्तछायाचित्रांच्या या काचेच्या निगेटिव्हांत त्या काळच्या नटनट्या भरपूर आहेत आणि मोठ्या टिफ फाइली उतरवून घेता येतात. तिथे "प्रकाशनावर ज्ञात निर्बंध नाहीत" अशा अर्थाची नोंद दिसेल. ती हमी नव्हे. संग्रहालयाला माहीत असलेली स्थिती तेवढी त्यात सांगितलेली असते.

प्रत्येक चित्रासाठी एक फोल्डर करा. त्यात ठेवा:

- मूळ फाइल, न बदललेली
- ती जिथून घेतली त्या पानाची प्रत, तारखेसह
- हक्कांच्या नोंदीचा मजकूर
- चित्रपटाचं नाव, प्रकाशनाचं वर्ष, चित्रातल्या व्यक्तींची नावं आणि मृत्यूची वर्षं
- परवानगी घेतली असेल तर ते पत्र

छपाई करून देणारे आणि ऑनलाइन विक्रीची ठिकाणं हेच मागतात, आणि मागतात तेव्हा शोधाशोधीला वेळ नसतो.

## ४. फाइल तयार करा

कापडासाठी १५० डीपीआय (एका इंचातले ठिपके) पुरतात, २०० असतील तर उत्तम. त्यापुढच्या आकड्यांचा उपयोग नाही, कारण विणीतच तो तपशील हरवतो. २५ × १२ सेंमीसाठी १५० डीपीआयला साधारण १४७६ × ७०९ पिक्सेल लागतात. पूर्ण एचडीमधली ४:३ चौकट १४४० पिक्सेल रुंद असते, म्हणजे १४६ डीपीआय, जेमतेम पास. डीव्हीडीतली ६४० पिक्सेलची चौकट ६५ डीपीआयवर येते. ती घेऊ नका, सॉफ्टवेअरने मोठी करूनही नको. १० इंच रुंद छायाचित्र ३०० डीपीआयला स्कॅन केलेलं असेल तर काहीच अडचण नाही.

जुन्या मासिकातून स्कॅन केलेल्या चित्रात छपाईचे ठिपके असतात. ते विणीशी भिडले की लाटांसारखी नक्षी उमटते. स्कॅन करतानाच ठिपके काढण्याची सोय चालू ठेवा, किंवा आधी हलकं धूसर करून मग आकार लहान करा.

आता करड्या छटा. मूकपटांच्या बऱ्याच काळात वापरली गेलेली ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंगाला जवळपास आंधळी होती. लाल ओठ काळे उमटत आणि निळं आकाश पांढरं. त्यात नटांचा फिकट मेकअप. त्यामुळे चेहऱ्याचे उजळ भाग पूर्ण पांढरे आणि सावल्या पूर्ण काळ्या असं चित्र हाती येतं. कापडावर पांढरी शाई नसते, कापडच पांढरं. म्हणजे चेहऱ्याच्या जागी नुसतं कापड दिसतं, आणि सावल्यांत शाई पसरून कोट, केस, पार्श्वभूमी सगळं एकच काळं होतं. उपाय:

- सर्वांत उजळ भागात ५ ते ८ टक्के करडा राहू द्या
- सर्वांत गडद भाग ९० टक्क्यांच्या आसपास थांबवा आणि सावल्या वर उचला
- पडद्यावर थोडं फिकट, मिळमिळीत दिसलं पाहिजे; कापडावर ते बरोबर येतं

अंदाजावर राहू नका. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत दहा घरांची पट्टी करून त्याच कापडावर, त्याच यंत्रावर छापून घ्या. शेवटची तीन घरं एक झालेली दिसली तर सावल्या अजून उचलायला हव्यात.

आणि एक निर्णय आत्ताच घ्या: शुद्ध कृष्णधवल की तपकिरी झाक. रंगीत शायांच्या मिश्रणातून करडा बनवणाऱ्या यंत्रावर तो हिरवट किंवा जांभळट होतो. यंत्र, शाई आणि कापड यांचं नेमकं प्रोफाइल (रंग जुळवून देणारी फाइल) नसेल तर मुद्दाम तपकिरी किंवा निळी झाक द्या. थोडा फरक पडला तरी लक्षात येत नाही. त्या काळी रात्रीच्या दृश्यांना निळी आणि दिव्याच्या उजेडातल्या दृश्यांना पिवळसर झाक देतच असत, त्यामुळे हे कृत्रिमही वाटत नाही.

## ५. कापड आणि छपाईची पद्धत

दोन्ही एकत्रच ठरतात.

सब्लिमेशन: फक्त पॉलिएस्टरवर, तेही पांढऱ्या. उष्णतेने शाईची वाफ होऊन ती थेट धाग्यात शिरते, वर थर बसत नाही, त्यामुळे श्वास अडत नाही आणि धुण्याने रंग जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२० मध्ये सुचवलेल्या तीन थरांच्या मास्कमध्ये बाहेरचा थर पॉलिएस्टरसारखा पाणी न शोषणारा आणि आतला सुतासारखा शोषणारा होता, म्हणजे हे कापड तिथेही बसतं. घट्ट विणलेलं, न ताणणारं कापड घ्या. टी-शर्टसारखं ताणणारं घेतलं तर चेहऱ्यावर ताणल्यावर धाग्यांमधला पांढरा भाग उघडा पडतो आणि चित्र फिकटतं.

सुती कापडावर थेट डिजिटल छपाई: पिगमेंट शाई कापडावर बसवून उष्णतेने पक्की करतात. स्पर्श मऊ, दिसणं मॅट, जुन्या छायाचित्राला साजेसं. काळा रंग मात्र सब्लिमेशनइतका खोल येत नाही. कापड छपाईआधीच आटवून घ्यायला हवं, नाहीतर पहिल्या धुण्यात चित्र आणि मास्क दोन्ही आखडतात.

इस्त्रीने चिकटवायचे कागद, व्हिनाइल, डीटीएफ (फिल्मवर छापून उष्णतेने कापडावर चिकटवायचं चित्र): टी-शर्टसाठी ठीक, मास्कसाठी नको. कापडावर प्लास्टिकचा पातळ पापुद्रा बसतो. त्यातून हवा जात नाही, मग ती कडांनी आत-बाहेर होते आणि मास्कचा अर्थच उरत नाही. वर चार धुण्यांत भेगा.

कापडाची घट्ट वीण तपासायला ते दिव्यासमोर धरा. दिव्याची आकृती स्पष्ट दिसत असेल तर कापड विरळ आहे.

## ६. सब्लिमेशन करताना

छपाई बाहेरून करून घेणार असाल तर ही पायरी सोडा. फक्त चित्र उलटं कोण करणार, तुम्ही की ते, हे आधी विचारा. दोघांनीही केलं तर संवादपाटी आरशात वाचावी लागते.

१. चित्र आरशातल्यासारखं उलटं करून सब्लिमेशन कागदावर छापा. ए४ कागदावर एक पट्टी मावते, ए३ वर तीन. कागदावरचे रंग मळकट दिसतात; ते तसेच असतात.
२. कापड हीट प्रेसखाली (गरम करून दाबणाऱ्या यंत्राखाली) ५ ते १० सेकंद नुसतंच दाबून ओल घालवा. ओल राहिली की डाग पडतात.
३. कागद उष्णता सोसणाऱ्या टेपने पक्का करा. तो केसभर हलला तरी दुहेरी प्रतिमा येते.
४. कापडाखाली कोरा कागद ठेवा, कारण शाई आरपार जाते.
५. साधारण १९५ अंश सेल्सिअसला ४५ ते ६० सेकंद, मध्यम दाब. पिवळेपणा आला तर वेळ कमी करा; काळा तपकिरी दिसला तर उष्णता किंवा वेळ कमी पडली आहे.

हे सगळं शिवण्याआधी. पॉलिप्रॉपिलीन १६० अंशांच्या आसपास वितळतं. शिवलेला मास्क प्रेसखाली घातला तर मधला थर चिकटून कडक होतो.

## ७. कापणं आणि शिवणं

पारदर्शक प्लास्टिकवर मधल्या पट्टीचा साचा कापा आणि त्यावर मध्यरेषा व मायेची रेघ आखा. साचा छापलेल्या कापडावर सरकवत चित्र नेमकं कुठे येईल ते पाहा, मगच कापा. छापलेलं कापड कधीही दुमडून दोन पदरी कापू नका.

१. वरची आणि खालची पट्टी साध्या काळ्या किंवा करड्या कापडाची ठेवा. तिथेही चित्र चालू ठेवायचा मोह टाळा. वक्र शिवणीवर ते जुळत नाही.
२. सुलट बाजू समोरासमोर ठेवून फुगलेल्या कडा जोडा. टाचण्या मायेतच लावा. चित्रावर टोचलेल्या टाचणीचं भोक पॉलिएस्टरवर राहून जातं. टाक्याची लांबी अडीच मिमी.
३. दर दीड सेंमीला मायेत कातरा द्या, टीपेपासून ३ मिमी अलीकडे थांबा. कातरे दिले नाहीत तर वक्र सपाट बसत नाही आणि चित्राच्या कडेला सुरकुत्या येतात.
४. माया साध्या पट्टीकडे वळवून तिथेच वरून टीप मारा. चित्रावर टीप नको.
५. अस्तराचे तीन तुकडे आणि पॉलिप्रॉपिलीनचे तीन तुकडे जोडीजोडीने कच्चे टाका, मग एकच कापड समजून वरच्याच क्रमाने जोडा.
६. बाहेरचा भाग आणि अस्तर सुलट बाजू समोरासमोर ठेवून वरची व खालची सरळ कड शिवा, बाजूंनी उलटून घ्या.
७. वरच्या कडेखाली १ सेंमीवर टीप मारून पट्टीसाठी बोगदा करा, धातूची पट्टी मध्यावर सरकवा आणि तिच्या दोन्ही टोकांशी आडवी टीप घाला. टोकं आधी घासून बोथट करा.
८. बाजूंची २ सेंमी माया आत दुमडून नेफा करा. इथे शिवणींवर थर साचतात. ९०/१४ ची सुई लावा आणि चाक हाताने फिरवा.
९. इलॅस्टिक ओवा, गाठ नेफ्यात लपवा. इलॅस्टिकने बाजू चुणली जाते, तशीच हवी.

घालून पाहताना आरशात चित्र पाहण्याआधी कडा तपासा. जोरात श्वास सोडल्यावर डोळ्यांकडे हवा येत असेल तर नाकाची पट्टी नीट बसलेली नाही. श्वास घ्यायलाच जड जात असेल तर मधला थर जाड झाला आहे. दोन वर्षांखालील मुलांसाठी मास्क करू नका. आणि विकताना हा कापडी मास्क आहे, वैद्यकीय नाही, हे चिठ्ठीवर स्पष्ट लिहा.

## ८. धुणं

पहिल्या वापराआधी एकदा धुवा. त्यानंतर रोजच्या वापरात साबण आणि ६० अंशांचं पाणी. तेवढं गरम पाणी नसेल तर साध्या पाण्यात साबणाने धुऊन मग एक मिनिट उकळा. क्लोरीनचं ब्लीच पिगमेंट छपाई फिकी करतं आणि इलॅस्टिक खातं, ते दूर ठेवा. इस्त्री उलट बाजूने आणि मंद आचेवर. गरम इस्त्रीने मधला थर जातो आणि सब्लिमेशनचा काळा रंग आतल्या सुती कापडावर उतरतो. इलॅस्टिक सैल पडलं की नेफ्याची गाठ सोडून नवं ओवा.